पाहुण्यांची खोली

“आन् माझी मालन बाळंत कुठं व्हायची?”

कुसाबाईंनी नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं ड्रॉइंग रूमच्या मधोमध. बोटाला हळद होती. आपल्या निळ्या नकाशावर उमटलेला पिवळा ठिपका गर्गेसाहेबांनी पाहिला आणि डोळे मिटून घेतले. साल एकोणीसशे छत्तीस. मुंबईत पाच वर्षं घासून मिळवलेली आर्किटेक्टची पदवी, नाशकात गंगापूरच्या रस्त्यावरचा पहिला बंगला, आणि प्रश्न काय, तर बाळंतपणाचा!

“बाई, ही ड्रॉइंग रूम आहे,” ते म्हणाले.

“म्हंजी?”

“पाहुण्यांची खोली. बंगल्याची सगळी शोभा हिच्यात. इथे फक्त पाहुण्यांनी बसायचं. घरच्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही.”

कुसाबाईंचे यजमान खंडेराव गुळाचे व्यापारी. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यांची मान हलायला लागायची. आताही हलली.

कुसाबाईंनी नकाशा पुन्हा निरखला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण खिडक्या मोजता येत होत्या. या एकट्या खोलीला तीन होत्या.

“जुन्या घरात गोठ्यालगतची खोली हाय,” त्या म्हणाल्या. “खिडकी नाय तिला. माझी दोन लेकरं तिथंच धुरात गेली. लेकीचं औंदा लगीन झालंय. पहिल्या बाळंतपणाला हितंच येईल. तिला मी त्या अंधारात निजवायची नाय.”

गर्गेसाहेबांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून कुणी भिंत हलवत नाही. हलवली असती तर अठरा फुटांची ड्रॉइंग रूम बारा फुटांवर आली असती, आणि मग तिला ड्रॉइंग रूम कोण म्हणणार? त्यांनी बाईंना प्रमाणबद्धता म्हणजे काय ते तीन वाक्यांत समजावून सांगितलं. त्यातली दोन इंग्रजीत होती.

“बरं,” कुसाबाई म्हणाल्या. “फकस्त पाहुण्यानं बसायचं. घरच्यानं जायचं नाय.”

“अगदी बरोबर!” साहेब खूश झाले. एका माणसाला तरी शहाणं केलं, असं त्यांना वाटलं.

मग काम सुरू झालं आणि जे जे उत्तम ते ते त्या एका खोलीत जाऊन बसलं. गंगेवरचा वारा तिला. सकाळचं ऊन तिला. घरातला पसारा पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून वऱ्हांड्यातून वेगळं दार तिला. शिवाय भिंतीत, एका विलायती मासिकातून उचललेली, दगडी फायरप्लेस. कादर मिस्त्रीनं नाशकात चाळीस घरं उभी केली होती. बैठकीत विस्तव त्यानं कुठंच पाहिला नव्हता.

“सायेब, चूल? बैठकीत?”

“चूल नव्हे, कादर. फायरप्लेस.”

कादरनं मुकाट्यानं बांधली. पण खोलीच्या एका कोपऱ्याकडे फरशीला उतार आला होता आणि भिंतीच्या बुडाशी एक भोक राहिलं होतं. साहेबांनी जाब विचारला. कादरनं आधी कुसाबाईंकडे पाहिलं, मग म्हणाला, “फरशी धुवायला, सायेब.” स्वच्छतेचा हा विचार साहेबांना इतका आवडला, की त्यांनी तो स्वतःचा म्हणून वहीत लिहून ठेवला.

वास्तुशांतीला ड्रॉइंग रूम उघडली, लोकांनी पाहिली, आणि तिला कुलूप लागलं. किल्ली कुसाबाईंच्या कमरेला गेली. खंडेरावांचं अकरा माणसांचं कुटुंब उरलेल्या तीन खोल्यांत दाटीवाटीनं राहू लागलं. एवढी शिस्त मलबार हिलवरसुद्धा नाही, असं साहेब चारचौघांत सांगू लागले.

वर्षभरानं एका रविवारी ते रावसाहेबांना घेऊन निघाले. रावसाहेब म्हणजे निवृत्त मामलेदार. समोरचाच प्लॉट त्यांचा. “तुमची ती ड्रॉइंग रूम एकदा डोळ्यांनी पाहतो, मगच काम कुणाला द्यायचं ते ठरवतो,” असं ते म्हणाले होते. मिळालं तर साहेबांचं हे दुसरं काम. तिसरं अजून कुठं दिसत नव्हतं.

लांबूनच बंगल्याच्या धुराड्यातून धूर दिसला. साहेबांची छाती फुगली.

“पाहिलंत? फायरप्लेस पेटवलीये!”

“चैत्रात?” रावसाहेबांनी उपरण्यानं घाम पुसला.

“रसिकता, रावसाहेब. दुसरं काय!”

वऱ्हांड्यात आले तर ड्रॉइंग रूमच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा. आतून ओव्याची नि शेपाची धुरी येत होती. भिंतीच्या बुडाच्या भोकातून कढत पाण्याची धार बाहेर केळीच्या आळ्यात पडत होती. कादरचा उतार चोख होता.

साहेबांनी दाराला हात घातला तोच कुसाबाई पदर खोचून आडव्या आल्या.

“थांबा.”

“अहो, हे काय चालवलंय? ही पाहुण्यांची खोली आहे!” साहेबांचा आवाज चिरकला. रावसाहेब त्यांच्याकडे पाहत होते.

“व्हय की. तुमचाच नेम. म्या कुठं मोडला?”

आतून एक बारीक रडणं उठलं आणि बघता बघता तिन्ही खिडक्यांतून बाहेर आलं. कुसाबाईंचे डोळे भरले. तशाच त्या हसल्या आणि त्यांनी वऱ्हांड्यात घोंगडी अंथरली.

“सहा दिसांचा पाहुणा हाय आत. तुमी दोघं काय, घरचेच. बसा हितं भाईर.”