मागून तिसरी खिडकी

"अगं, पोट पेटलंय तुझ्या जहाजाचं!" होरिकावा-सान म्हणाले.

भर दुपारी झडपा लावून खोलीत अंधार केला होता. टेबलावर 'नामिहाना-मारू' बोटीची हातभर लांबीची प्रतिकृती उजळली होती. केसाएवढे प्रकाशतंतू एकेका खिडकीपर्यंत नेऊन चिकटवण्यात मित्सुएचा अख्खा उन्हाळा गेला होता. दिवे लागले तेव्हा ती स्वतःच श्वास घ्यायची विसरली. मॉडेल-मंडळातले होरिकावा-सान म्हणजे देवाच्या मूर्तीतही खोट काढणारे, पण तेही आधी पुढे वाकून एकेक खिडकी निरखत राहिले होते.

मग त्यांना तो डाग दिसला. मागच्या बाजूला, पाण्याच्या रेषेखाली, जहाजाचा तांबडा तळ निखाऱ्यासारखा लालबुंद झाला होता.

"दिवे बसवायच्या आधी आतून काळा रंग द्यायचा. नाहीतर प्लास्टिकमधून उजेड झिरपतो. पहिला धडा हा! उद्या प्रदर्शनात पोरंटोरं हसतील."

मित्सुएला प्रदर्शनाचं सोयरसुतक नव्हतं. जहाज तिनं बाबांसाठी केलं होतं. बाबांचा, तोकुजींचा, सगळा जन्म या बोटीवर गेला. ती भंगारात निघाली त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव काढलं नव्हतं, की बंदराकडे पाऊल टाकलं नव्हतं. आत्ताही ते कोतात्सूच्या, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या बैठ्या मेजाच्या, दुलईत पाय घालून, पाठ फिरवून संत्रं सोलत होते.

लहानपणी ती आईबरोबर रोज संध्याकाळी धक्क्यावर जायची. "बाबा, तुमची खिडकी कुठली?" तिनं एकदा विचारलं होतं. तेलाचा वास येणारे बाबा म्हणाले होते, "मागून तिसरी." तेव्हापासून बोट दिसेनाशी होईपर्यंत ती त्या खिडकीकडे बघून हात हलवायची. लहानपणी मनात बसलेलं कोण पुन्हा तपासून बघतं? जुन्या फोटोंवरून जहाज करताना ती जास्त उजळावी म्हणून तिनं त्या एका खिडकीला दोन तंतू जोडले होते.

"बाबा, एकदा बघा तरी. तुमच्या खिडकीत दिवा लावलाय."

"कटकट नुसती," म्हणत तोकुजी वळले, आणि अर्धं सोललेलं संत्रं त्यांच्या हातातच राहिलं. ते उठून टेबलाशी आले. तिसऱ्या खिडकीकडे त्यांनी बघितलंही नाही. गुडघे टेकून ते खाली वाकले, खूप खाली, आणि तो लाल उजेड त्यांच्या तोंडावर पडला.

मित्सुए ओशाळली. "तिथं चूक झालीय, बाबा. आत्ता काळा रंग मारते." तिनं कुंचला उचलला.

तोकुजींनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे. ती तिसरी खिडकी कांद्या-बटाट्यांच्या कोठीची. तू एवढ्या हौसेनं विचारलंस, मग काय सांगणार? इंजिनाच्या खोलीला कुठली आलीय खिडकी!" त्यांनी त्या लाल डागावर हलकेच बोट ठेवलं. "तू हात हलवायचीस ना पोरी, तेव्हा मी इथं असायचो."