बदललेलं नाव

परभणीच्या एका कॉलेजच्या सभागृहात धम्मशीला मॅडम आपल्या संशोधनातलं वाचून दाखवत होत्या. पोटातच किंवा जन्मताना मूल गेलेल्या बायकांशी त्या गावोगाव जाऊन बोलल्या होत्या. आज त्या बायकांना घरच्यांसकट बोलावलं होतं. झरीची महेश्वरी मागच्या रांगेत बसली होती. शेजारी तिची सासू, नीलम्मा.

“एका आईला मेलेली मुलगी झाली,” मॅडम वाचत होत्या. “घरच्यांनी तिला मुलीचं तोंड बघू दिलं नाही. बघितलं तर जीव अडकून राहील म्हणाले. कपड्यात गुंडाळून परस्पर नेलं. दुसऱ्या दिवशी तिला पान्हा फुटला. तिनं मनातल्या मनात मुलीचं नाव ठेवलं होतं. परी.”

महेश्वरीनं मान वर केली. हे सगळं तिचंच होतं. सासू मठात गेलेली असताना, दार लोटून घेऊन तिनं ते मॅडमना सांगितलं होतं. नाव तर नवऱ्यालाही कधी बोलली नव्हती. फक्त वाचलेलं नाव वेगळं होतं. तिनं गिरिजा सांगितलं होतं.

शेजारी नीलम्मा पदरानं डोळे पुसायला लागली होती.

चहाच्या वेळी महेश्वरीनं मॅडमना बाजूला गाठलं.

“मॅडम, तिचं नाव गिरिजा व्हतं.”

मॅडमनी आवाज खाली केला. “नावं बदलावीच लागतात, ताई. कोणी ओळखू नये म्हणून.”

“माझं बदला की. तिचं कशाला बदललं?”

“दोघींचंही बदलतो. तसा नियम आहे.”

“तिला कोण वळखतंय, मॅडम?”

मॅडमनी महेश्वरीच्या खांद्यावर हात ठेवला. “पुस्तक छापायला गेलंय,” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच विचारायला हवं होतं तुम्हाला.”

परतताना दोघींना जिंतूरच्या गाडीत जागा मिळाली. परभणी मागं पडल्यावर नीलम्मा म्हणाली, “कुनाची लेक असंल गं ती?”

महेश्वरीनं मांडीवरची पिशवी सारखी केली.

“घरचे तरी कसले म्हनायचे. एकदा तोंड दावलं असतं तर काय बिघडलं असतं?”

महेश्वरीनं सासूच्या हातांकडं पाहिलं. कपड्यातलं बाळ याच हातांनी उचलून महेश्वरीच्या नवऱ्याकडं, शिवकांतकडं दिलं होतं. बघू नको, असं हिनंच बजावलं होतं. आता ते हात मांडीवर निवांत पडले होते.

“नाव मातर लय गोड ठिवलं व्हतं,” नीलम्मा म्हणाली. “परी.”

“तिचं नाव परी नव्हतं, आत्याबाई.”

नीलम्मा खिडकीकडं तोंड फिरवून म्हणाली,

“तुला काय ठाऊक?”