तळातली वजनं

लालबागच्या चाळीखाली फुगवायचा मोठा टब पाण्याने भरला, तेव्हा उन्मेषची युद्धनौका बघण्यापेक्षा त्याच्या बापाचा तोंडपट्टा ऐकायलाच जास्त लोक जमले.

"चार पिढ्यांचं मसाल्याचं दुकान बंद पाडलंन्, आणि आता खेळणी तरंगवतोय," कुशाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "विचार या लोकांना, एकाने तरी कधी आपल्या मापाला नाव ठेवलं? अशा दुकानात बसायची तुला लाज वाटली!"

उन्मेषने दातओठ खात नौका पाण्यात सोडली. वर्षभर खपून त्याने तिची तोफ न् तोफ रिमोटवर फिरती केली होती. पोकळ नौका पाण्यात स्थिर बसावी म्हणून तळाशी दोन्ही अंगांना एकेक किलोचं लोखंडी वजन ठेवलं होतं, बंद दुकानातलंच. तरी ती डावीकडे कलली.

"हातच वाकडा, तर जहाज सरळ कुठून होणार!" कुशाबा खेकसले. लोक फिदीफिदी हसले.

काय चुकलं ते उन्मेषला कळेना. वरचा डेक काढून त्याने दोन्ही वजनांची अदलाबदल केली. नौका आता उजवीकडे कलली.

मग वजनं बाहेर काढून त्याने दोन हातांत तोलली आणि बापासमोर धरली.

"बाबा," तोही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गिऱ्हाईक आलं की यातलं कुठलं पारड्यात टाकायचात?"