सुरुंगाआधीची हाक

"आजी, बाहेर या जी! सुरुंग उडवाचे हायेत!"

कोळसा खाणीचा पहारेकरी कुळमेथे लाल झेंडा घेऊन दारात आला, तोवर तान्हाबाईने फळीवरची पितळी भांडी उतरवून जमिनीवर उपडी घातली होती. पूर्वी या हाकेसरशी सगळं गाव कडुनिंबाखाली जमायचं. बायका सूप घेऊन यायच्या, तांदूळ निवडता निवडता खाणीला शिव्या घालायच्या. मग विहिरी आटल्या, घरं तडकली आणि कंपनीने गाव नव्या वसाहतीत हलवलं. तान्हाबाईचं घर मात्र मोजणीत खाणीच्या हद्दीबाहेर निघालं, म्हणून तिला वसाहतीत घर मिळालं नाही. ती एकटी मागे राहिली.

दोघं निंबाखाली जाऊन बसली. जमीन हादरली. काळी धूळ फांद्यांवरून तिच्या पांढऱ्या केसांवर उतरली.

"आग लागो तुमच्या खाणीले!" ती नेहमीसारखी कडाडली.

कुळमेथे हसला. "आता शिव्या द्याचं काम नाही, आजी. इकडचा कोळसा सरला. उद्यापासून सुरुंग नदीपल्याड. तुमचं घर वाचलं जी!"

छपरं उतरवून नेलेल्या शेजारच्या घरांकडे ती बघत राहिली. "मंग तू नाही येनार?"

"माही ड्युटीबी तिकडेच लागली."

दुसऱ्या दुपारी कुठेतरी लांब बार झाले. भिंतीवरचा मातीचा कणसुद्धा पडला नाही. तान्हाबाई फळीवरची सगळी भांडी जमिनीवर उपडी घालून, दाराच्या आत, हाकेची वाट बघत उभी होती.