आशीर्वादानंतरच्या सूचना

चर्चमधल्या उपासनेचा शेवटचा आशीर्वाद संपला आणि पाळकबाईंच्या कानातला आवाज गेला.

त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. हेडफोन काढून त्यांनी झटकला, पुन्हा लावला. काहीच नाही. नवरा पुढे व्यासपीठाजवळच्या मानाच्या खुर्चीत बसला होता, पण बाई मुद्दामच मागच्या बाकावर, शेजारच्या लाँड्रीवालीला खेटून बसल्या होत्या. मिशनरी म्हणून या मंडळीत येऊन दोघांना जेमतेम दोन आठवडे झाले होते. इथली मोठी भाषा ते शिकूनच आले होते. मागच्या बाकांवर आणखी तीन भाषा बोलल्या जात. त्यातली एक बाई आता जिन्यात कपडे वाळत घालता घालता लाँड्रीवालीकडून शिकत होत्या. तेवढाच सराव म्हणून हेडफोन लावला होता.

काचेच्या खोलीत बसून हेडफोनवर भाषांतर ऐकवणारे तिन्ही दुभाषी उठून बाहेर निघाले होते.

"अहो, अजून संपलं नाही ना?" बाईंनी त्यातल्या एकाला हटकलं.

"उपासना संपली की. आता नुसत्या सूचना," तो म्हणाला. "सूचनांना आम्ही नसतो. पद्धतच आहे तशी." आणि तो चहाला गेला.

पुढे वडीलपंच उठले. आयुष्यभर शाळा तपासनीस होते ते. उभे राहिले की माणसं आपोआप सरळ बसत.

"जागा अपुरी पडतेय," ते मोठ्या भाषेत म्हणाले. "तेव्हा पुढच्या महिन्यापासून परभाषिक मंडळींची उपासना बुधवारी, कामं सुटल्यावर, खाली तळघरात. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत."

पुढच्या रांगांतले हात वर गेले. मग गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, तसे मागचेही गेले. एक पंच बोटाने मोजत मोजत मागे येऊ लागला. मुका हेडफोन कानाला लावून लाँड्रीवालीनेही हात वर केला होता. वर बाईंना कोपराने ढोसून ती हसली, म्हणजे तुम्हीही करा. चर्चमध्ये ठरतंय म्हणजे काहीतरी चांगलंच ठरत असणार! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"थांबा," त्या उभ्या राहिल्या. "यांना काही कळलेलं नाही. दुभाष्यांना आत बोलवा."

"आशीर्वादानंतर दुभाषी नसतात, पाळकबाई. आजवर कुणाची तक्रार आलेली नाही."

"कळलंच नाही तर तक्रार कशी येईल?"

पुढे कुणीतरी खाकरलं. नापास होणार हे ठाऊक असलेल्या मुलाकडे बघून हसावं, तसे तपासनीस हसले. "नव्याचे नऊ दिवस असतात, बाई. आधी इथे रुळा. मग आम्हाला शिकवा."

बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली. दोन आठवड्यांत शब्द ते कितीसे जमले असणार? साबण, पाणी, वर, खाली, वारांची नावं. आहेत त्यांवरच त्यांनी भागवलं. "रविवार नाही," त्या लाँड्रीवालीच्या भाषेत मोठ्याने म्हणाल्या. "बुधवार. वर नाही. खाली. तुम्ही खाली." मग पुढच्या रांगांकडे बोट केलं. "हे वर."

एक पोरगी फिस्सकन हसली. लाँड्रीवाली हसली नाही.

"कोण म्हणतं असं?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या आणि तिच्या वर केलेल्या हाताला बोट लावलं.

लाँड्रीवालीने तो हात असा खाली ओढला, जसा काही तव्यालाच लागला होता. तिने पलीकडच्या सुताराला सांगितलं, सुताराने आपल्या भाषेत मागच्या म्हातारीला. गोष्ट बाकाबाकावरून भाषा बदलत गेली आणि पोचली तिथले हात खाली येत गेले. मोजणारा पंच मधल्या वाटेत बोट हवेतच धरून उभा राहिला.

तपासनिसांचा चेहरा लाल झाला. "पाळकसाहेब, आपल्या पत्नीला आवरा. आणि एक ध्यानात असू द्या, तुम्ही राहता ते घर पंचमंडळाचं आहे."

सगळ्यांच्या नजरा पाळकांकडे वळल्या. वर्षभर दुसऱ्यांच्या खोल्यांत दिवस काढल्यावर कुठे हे घर मिळालं होतं. पडद्यांचं कापड कालच आणलं होतं. आणि नवरा म्हणजे झुरळ मारतानाही आधी त्याची क्षमा मागणारा माणूस.

पाळक उठले. खिशातून घराची किल्ली काढून त्यांनी तपासनिसांच्या पुढ्यात, टेबलावर ठेवली.

"पेट्या अजून सोडलेल्या नाहीत," ते नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले. "न्यायला सोपं जाईल. तोवर दुभाष्यांना बोलवा. चहा नंतर पितील."

बाईंना भरून आलं. लाँड्रीवाली त्यांचा पदर ओढत होती. ती किल्ली कसली, म्हणून विचारत होती.

"घर गेलं," बाईंनी सांगितलं. "आम्ही पण खाली."

लाँड्रीवाली ताडकन उठली. हेडफोन काढून बाकावर टाकला आणि कमरेवर हात ठेवून, पार व्यासपीठापर्यंत जाईल अशा आवाजात आपल्या भाषेत म्हणाली, "आमच्या एका खोलीत सात माणसं झोपतात. नऊ झाली म्हणून काय भिंती फुटणार आहेत? या राहायला! फक्त साहेब घोरत असले, तर त्यांची गादी जिन्यात!"

मागच्या बाकांवर हशा पिकला. मग तो दुसऱ्या भाषेत गेला, तिथून तिसऱ्या भाषेत, आणि प्रत्येक वेळी नव्याने उसळला. बाईही डोळे पुसत हसत होत्या.

पुढच्या रांगेत तपासनीस टाचा उंचावून याला त्याला विचारत होते, "काय म्हणाली? अहो, काय म्हणाली ती?"