धाकटीचं तारण

चर्चचे पाळक प्रभुभोजनाची पवित्र भाकर घेऊन आले तेव्हा थोरलीने मरणपंथाला लागलेल्या बापाला उशीला टेकवून बसवलं. धाकटीने देवाला मानणं सोडलं म्हणून त्याने तिला घराबाहेर काढून तिचं नावच टाकलं होतं. परवाच ती परक्या गावी, प्रार्थना नको म्हणत, इस्पितळात वारली होती. भाकरीचा तुकडा ओठांशी येताच त्याने पाळकांचा हात धरला. “वर माझी धाकटी भेटेल का?” पाळकांनी मान खाली घातली. “विश्वासाशिवाय तारण नाही, हे तुम्हीच तिला सांगत होतात, काका.” “मग भाकर राहू द्या,” म्हातारा म्हणाला. “पोरगी असेल तिथेच मला जाऊ द्या.” इतकी वर्षं त्याचं अंथरुणातलं सगळं करणारी थोरली कळवळली. “आणि मी, बाबा? मी एकटीनेच जायचं स्वर्गात?” त्याने तिचे डोळे पुसले. “तुला तिथे देव आहे, पोरी. तिला कोण आहे?”