बोळाकडची भिंत

ठक्. मिस्त्रीनं छिन्नीच्या बुडानं स्वयंपाकघराची भिंत वाजवून बघितली.

"वैनी, भोक कुटं पाडू? रस्त्याकडं का बोळाकडं?"

महानंदाच्या कडेवर विजू होती. पाच वर्षांची झाली तरी दुखणं आलं की कडेवरच. तिच्या छातीत मांजराच्या पिल्लासारखं घुरघुरत होतं, आणि हा सगळा खटाटोप त्या घुरघुरीसाठीच होता. रॉकेल मिळेनासं झालं, चूल पुन्हा पेटली, आणि या स्लॅबच्या खोलीत धूर पाहुण्यासारखा मुक्कामालाच राहिला. मंद्रूपच्या जुन्या घरी तसं नव्हतं. तिथं मातीच्या माळवदालाच भोक होतं. धूर आपला आपण वर निघून जायचा.

नवरा, सिद्रामप्पा, छताला टांगायचा पंखा आणायला निघाला होता. "वारा तर येईल की," त्याचं म्हणणं. महानंदा हटून बसली. वारा नको, धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा हवा. नव्या पेठेतल्या दुकानदारानं तसले दोन लावून दाखवले. तिनं दोन्हींच्या मागं पदर धरला आणि ज्यानं पदर जास्त उडवला तो घेतला. सिद्रामप्पा घरापर्यंत हसत आला. "बैलासारखे पंख्याचे दात बघायचे राहिले की."

भिंती दोनच मोकळ्या. रस्त्याकडच्या भिंतीला दिवाळीत पिवळा रंग दिलेला. पंख्याखाली काजळीचे ओघळ येणार, हे मिस्त्रीनं आधीच सांगून टाकलं होतं. दुसरी भिंत बोळाकडची. बोळ कसला, दोन माणसं आली तर एकानं अंग चोरायचं. पलीकडं केराबाईची खिडकी, आणि खिडकीशी तिच्या नातीचा पाळणा.

"पाड रस्त्याकडं म्हणावं," सासू, दानम्मा, म्हणाली. "भिंत काळी झाली तर होईना. भिंतीला काय खोकला येतोय?"

"नको अत्ती. येणारं-जाणारं बघतंय." आणि महानंदानं मिस्त्रीला हात दाखवला. "बोळाकडं पाडा."

पंखा बसला. बटण दाबलं तसा धूर अडखळला, वळला आणि रांगेनं बाहेर निघाला. विजू त्याला टाटा करत राहिली.

पंधरवडा सरला असेल. महानंदानं झोपलेल्या लेकीच्या छातीला कान लावला. घुरघूर नव्हती. नुसता श्वास, येणारा आणि जाणारा. ती तशीच कान लावून बसली.

विजूसाठी केराबाई रोज वाटीभर अडुळशाचा काढा आणून द्यायची. महानंदानं ती वाटी घासली, शेंगाचटणीनं भरली आणि परत केली. "आता काढा नको मावशी. पोर बरी झाली."

आज सकाळी महानंदा भाकरी थापत होती. पंखा घुमत होता. केराबाई तीच वाटी घेऊन दारात आली.

"चटणी लई झ्याक झाली हुती," ती उंबऱ्यावर टेकली. "महानंदे, तुज्याकडं अडुळसा हाय का गं? माजा संपला. नातीला खोकला लागलाय. रात-रात झोपंना बघ. खिडकी बी लावून घेतली, तरी न्हाई. हवा बदलली असंल."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

विजू ताटावरून उठली. पंख्याखाली जाऊन तिनं मान वर केली. मग केराबाईकडं बघितलं, मग आईकडं.

"अव्वा, माझा खोकला आपण बाळाला दिला का गं?"